आवाज फाटतोय? आधी पिन कुठे खोचलीय ते बघ

टर्नटेबलवरून तबकड्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना आवाज फाटतोय, म्हणून लगेच सुई बदलायची घाई करू नकोस रे. सगळ्याच तबकड्या पहिल्या गाण्यापासून फाटत असतील, तर गडबड बहुधा लॅपटॉपच्या जॅकमध्ये आहे. तो माइकसाठी असतो, मोजक्या मिलिव्होल्टचा. टर्नटेबलचा लाइन आउट, म्हणजे आतच वाढवलेला सिग्नल बाहेर देणारं सॉकेट, त्यात शेकडो मिलिव्होल्ट ओततो. टर्नटेबलच्या मागचा स्विच ‘फोनो’वर (सुईचा कच्चा, क्षीण सिग्नल) टाकून भागवू नकोस, तबकडी कापताना कमी केलेला खर्ज परत वाढवणारी आरआयएए दुरुस्ती होत नाही आणि डग्गा पार गायब होतो. स्विच ‘लाइन’वरच ठेव. दुकानातून लाइन-इन (लाइन आउटचा सिग्नल घेणारं सॉकेट) असलेलं यूएसबी साउंड कार्ड आण. दुकानदार माइकचं स्वस्त डोंगल पुढे करेल, ते नको. रेकॉर्डिंगची पातळी सगळ्यात जोरकस तानेलाही उणे ६ डेसिबलच्या खालीच राहू दे. आणि चरचर फक्त आतल्या, शेवटच्या गाण्यांतच असेल, तर मात्र सुई आणि तबकडीवर पडणारं तिचं वजन तपास.