दुकानात बोअर साईट करून दिलं म्हणजे झिरो झालं असं नाही

"दुकानातून बोअर साईट करून घेतली होती, तरी १०० यार्डवर २० गोळ्या मारल्या आणि कागदाला एकही भोक नाही" हे वाचून हसू आलं, तुमच्यावर नाही हो, मला माझा इथला पेनसिल्व्हेनियातला पहिला डिअर सीझन आठवला. रायफल परत करायला धावू नका. बोअर साईट म्हणजे नळी आणि स्कोप (नेम धरायची दुर्बीण) साधारण एका दिशेला बघतायत एवढंच, १०० यार्डला फूटभर इकडेतिकडे सहज जातं. झिरो म्हणजे त्या अंतरावर क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली फुली, जिथे धराल तिथेच गोळी लागणं.

आधी २५ यार्डवर या. तुमची .३०८ बोल्ट अॅक्शन रायफल आहे, म्हणजे बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढला की नळीतून आरपार दिसतं, मग लेझर-बिझर कशाला हवाय. रेंज कोल्ड असताना, म्हणजे सगळ्यांचा गोळीबार थांबलेला असताना, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामा आहे हे बघा, बोट घालूनही बघा, बोल्ट काढून ठेवा आणि रायफल वाळूच्या पिशव्यांत अशी बसवा की हात सोडला तरी हलत नाही. मग मागून नळीतून बघत टार्गेटचा ठिपका त्या गोल भोकाच्या बरोब्बर मधे आणा, आणि रायफल तशीच ठेवून टरेट (स्कोपवरची फिरवायची बटणं) फिरवत क्रॉसहेअर ठिपक्यावर आणा. इथेच सगळ्यांची गल्लत होते. टरेटवरचा 'अप'चा बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, क्रॉसहेअर नाही, त्यामुळे रायफल पिशवीत पक्की असताना अप फिरवलं की क्रॉसहेअर खाली जाताना दिसतो आणि माणूस म्हणतो स्कोप उलटा बसवलाय.

झालं, आता बोल्ट परत घाला, रेंज हॉट झाली, म्हणजे गोळीबाराला परवानगी मिळाली की तीन गोळ्या मारा आणि तिघींचा मधला बिंदू धरा, एकेका भोकामागे धावू नका. पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप) टरेटचा एक क्लिक १०० यार्डला साधारण पाव इंच सरकवतो पण २५ ला फक्त एक षोडशांश, म्हणजे २५ ला दोन इंच चूक असेल तर ३२ क्लिक लागतात, ८ नाही. तिथे ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा झुपका) अर्धा-पाऊण इंच खाली ठेवून १०० वर जा, कारण स्कोप नळीच्या दीडेक इंच वर असतो आणि गोळी खालून वर येत असते. शेवटचं बारीक काम १०० वरच, आणि मधेमधे नळी थंड होऊ द्या, तेवढ्यात चहा प्या.

माझं काय झालं होतं सांगतो, एक अख्खा बॉक्स क्लिक करण्यात घालवला, ग्रुप कधी डावीकडे कधी वर, शेवटी शेजारच्या बेंचवरच्या आजोबांनी येऊन स्कोप दोन बोटांनी धरला आणि तो रिंगमधे (स्कोप धरणाऱ्या कड्यांमधे) चक्क फिरला! स्क्रू ढिले, मीच बसवले होते. तेव्हा पहिली गोळी मारायच्या आधी रिंग आणि बेस दोन्हीचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने) बघा, आकडा मॅन्युअलमधे असतो, अंदाजाने आवळलं तर स्कोपची नळी चेपते.

आणि त्या २० गोळ्या किती ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) होत्या ते लिहा, १५० ग्रेनच्या गोळीवर झिरो करून शिकारीला १८० च्या नेल्या तर परत इथेच याल.