विमान कंपन्या एक होताना युनियन कोणती धरायची?

प्रश्न : मुलगी मुंबई बेसवर सहा वर्षं केबिन क्रू आहे. तिची कंपनी आता मोठ्या कंपनीत विलीन होतेय. इकडे एक युनियन, तिकडे दोन. तिघांचेही सभासद-अर्ज तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेत. ती म्हणते, सध्या कुठंच सही करत नाही, गोंधळ निवळला की बघू. हे बरोबर आहे का?
– एक वडील, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही. निदान आपल्याकडच्या कायद्यात तरी गप्प बसणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे.

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या ५१ टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन कंपनीशी एकटी वाटाघाटी करते. टक्केवारी निघते ती हजेरीपटावरच्या सगळ्या कामगारांवर. सही न केलेली माणसं भाजकात असतातच, फक्त कुणाच्याच बाजूला दिसत नाहीत. समजा पटावर १०,००० कामगार आहेत. एका युनियनकडे ३,८००, दुसरीकडे २,३००, तिसरीकडे १,२०० आणि उरलेले २,७०० ‘नंतर बघू’वाले. ५,१०० चा आकडा कुणीच गाठला नाही, म्हणून युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद बसेल. तिच्यात जागा मिळते फक्त २० टक्के किंवा जास्त पाठिंबा असलेल्या युनियनांना. म्हणजे तिसरी बाहेर. मुलीची युनियन ती तिसरी असेल, तर तिच्या रोस्टरबद्दल, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाबद्दल, बोलणारं टेबलावर कुणीच नाही. परिषदेतला करारही तिथल्या प्रतिनिधींच्या बहुमतानं ठरतो.

दुसरी अडचण याहून मोठी, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ५१ टक्के मोजताना पटावर फक्त केबिन क्रू नसतात. ग्राउंड स्टाफ, इंजिनिअरिंगची माणसं, कामगाराच्या व्याख्येत बसणारे सगळे असतात. म्हणून क्रूची मतं तीन ठिकाणी फुटली तर तिन्ही ठिकाणी ती किरकोळ ठरतात. मुलीला सांगा, सही करण्याआधी तिन्ही युनियनना एकच प्रश्न लेखी विचार : ‘आस्थापना’ म्हणून तुम्ही काय धरता, पूर्ण कंपनी की एखादा बेस? आणि त्या आकड्यात तुमचे सभासद किती? आकडा न सांगता नुसत्या घोषणा पाठवणाऱ्या युनियनपासून दोन हात लांब राहिलेलं बरं.

सही एकाच ठिकाणी करायची. जुन्या युनियनची वर्गणी पगारातून कापली जात असेल, तर ती थांबवायचं पत्र एचआरला आणि युनियनला, दोघांनाही द्यायचं, पोच घ्यायची आणि पुढच्या महिन्याचं पगारपत्रक तपासायचं. दोन्हीकडून वर्गणी जात राहिली, तर युनियनांचा पाठिंबा मोजण्याच्या पडताळणीवेळी तिचं नाव वादात सापडतं.

शेवटचं एक. हवाई वाहतुकीसाठी ‘योग्य सरकार’, म्हणजे ज्याच्या अखत्यारीत प्रकरण येतं ते, केंद्र सरकार. तक्रार जाते ती केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे. सांगलीच्या किंवा पुण्याच्या राज्य कामगार कार्यालयात अर्ज दिलात, तर तो तिथून परत येईल आणि मधले दिवस फुकट जातील.

प्रश्न : विलीनीकरणात सेवाज्येष्ठतेची यादी एक होणार म्हणतात. त्यात नेमकं काय बघायचं?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : तुमच्या भागातलंच उदाहरण घेऊ. दोन कारखान्यांच्या ऊस नोंदी एकत्र केल्या तर तोडणीचा क्रम कसा लावाल? लागणीच्या तारखेनं, हे सोपं. पण एका गट ऑफिसनं लागण झाली ती तारीख लिहिली असेल आणि दुसऱ्यानं शेतकऱ्यानं येऊन नोंद केली ती, तर दोन्ही वह्या खऱ्या असूनही एकाचा ऊस नाहक मागं राहतो.

क्रूच्या यादीत नेमकं हेच होतं. एक कंपनी ट्रेनिंग सुरू झाल्याची तारीख धरते, दुसरी ट्रेनिंग संपून पहिलं उड्डाण केल्याची. समजा दोघी ३ जूनला ट्रेनिंगला बसल्या. एकीची तारीख ३ जून लागली, दुसरीची २ सप्टेंबर. त्या तीन महिन्यांत भरती झालेल्या सगळ्या बॅचेस दुसरीच्या वर जाऊन बसतात. प्रमोशन, बेस बदली, सुट्टीचा क्रम असं जे काही ज्येष्ठतेवर ठरतं, तिथं ती कायम त्यांच्या मागं राहते.

म्हणून नेमणूकपत्र, ट्रेनिंगला हजर होण्याचं पत्र, पहिल्या उड्डाणाची नोंद, शिल्लक रजेचा उतारा आणि पीएफचं पासबुक आत्ताच डाउनलोड करून ठेवा. विलीनीकरणानंतर जुनं पोर्टल बंद पडतं, हा ठरलेला अनुभव आहे. तात्पुरती यादी लागली की आपल्या नावापुरतं बघू नका. आपल्या वरची दहा आणि खालची दहा नावं कोणत्या तारखेनं लागलीत ते पाहा, चूक तिथंच सापडते. हरकत मुदतीत आणि लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची बोंब हरकत धरली जात नाही.

नोकरीचं म्हणाल, तर आस्थापना दुसऱ्या मालकाकडे गेली तरी तीन गोष्टी पाळल्या जात असतील तर नुकसानभरपाईचा हक्क उभा राहत नाही : सेवेत खंड नाही, अटी आधीपेक्षा वाईट नाहीत, आणि पुढं कधी नोकरकपात झाली तर नवा मालक जुनी वर्षं धरून भरपाई देईल. या तिन्ही गोष्टी नव्या पत्रात शब्दांत लिहिलेल्या हव्यात. ‘नवीन नेमणूक’ असा मथळा असलेल्या कागदावर सही करण्याआधी ते पत्र युनियनला दाखवा. भत्ते, कामाचे तास किंवा रजा बदलायच्या असतील तर २१ दिवसांची नोटीस लागते. जुना करार नव्या मालकालाही बांधून असतो. मुदत संपल्यावरही, तो संपवण्याची लेखी नोटीस देऊन ६० दिवस होईपर्यंत तो चालू राहतो.

प्रश्न : माझी मावसबहीण अमेरिकेत फ्लाइट अटेंडंट आहे. तिच्याही कंपनीचं विलीनीकरण चाललंय. तिथंही असंच असतं का?
– एक वाचक, वाई

उत्तर : तिथली रीत वेगळी. विमान कंपन्यांना तिथं १९२६ चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट लागतो, १९३६ मध्ये तो हवाई क्षेत्राला लावला गेला. नॅशनल मीडिएशन बोर्ड हे तिथलं सरकारी मंडळ आधी ठरवतं, की या दोन कंपन्या आता खरंच एक झाल्या का. ते ठरलं की प्रत्येक कामाचा वर्ग वेगळा मोजला जातो. त्यामुळं फ्लाइट अटेंडंटच्या मतदानात फक्त फ्लाइट अटेंडंट, पण देशभरातल्या सगळ्या. आपल्याकडं नेमकी याचीच उणीव आहे.

दोन्ही बाजूंना एकच युनियन असेल तर फारसा प्रश्न येत नाही. वेगळ्या असतील, किंवा एका बाजूला युनियनच नसेल, तर मतदानाची वेळ येते, आणि ‘युनियन नको’ हाही पर्याय असतो. २०१० पासून निकाल दिलेल्या मतांच्या बहुमतावर लागतो. त्याआधी मत न देणारी व्यक्ती विरोधात धरली जायची. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एक झाल्यावर २०१० मध्ये असं मतदान झालं. नॉर्थवेस्टच्या क्रूची युनियन होती, डेल्टाच्या क्रूची नव्हती. ‘नको’ची बाजू ३२८ मतांनी जिंकली आणि नॉर्थवेस्टच्या क्रूची असलेली युनियनही गेली. तेव्हा बहिणीला मतदान चुकवू नको म्हणावं.

ज्येष्ठतेच्या यादीसाठी तिथं २००७ पासून वेगळा कायदा आहे. याद्या न्याय्य पद्धतीनं जोडाव्या लागतात, एकमत झालं नाही तर लवाद. मात्र युनियन ठरली म्हणजे पगार लगेच एक झाला असं नाही. युनायटेड आणि कॉन्टिनेंटल २०१० मध्ये एक झाल्या, क्रूचा एकत्र करार मंजूर झाला २०१६ मध्ये. तोवर दोन्ही बाजू आपापल्या जुन्या करारावर.

प्रश्न : मी केबिन इन-चार्ज आहे. कंपनी म्हणते तुम्ही मॅनेजमेंटमध्ये, युनियनला पाठिंबा देऊ शकत नाही. खरं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : हुद्द्याच्या नावावर हे ठरत नाही, मुख्य काम काय त्यावर ठरतं. देखरेखीचं काम आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन, दोन्ही असेल तर माणूस कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो. नुसता पगार जास्त असून भागत नाही. तुम्ही स्वतः दरवाजा आर्म करता (आपत्कालीन घसरगुंडी सज्ज ठेवता), सेफ्टी डेमो देता, ट्रॉली ढकलता, आणि कुणाची रजा मंजूर करण्याचा किंवा शिक्षा देण्याचा अधिकार तुमच्याकडे नसेल, तर कंपनीचं म्हणणं टिकणं अवघड आहे. उड्डाणानंतर क्रूचा अहवाल भरता, एवढ्यानं कुणी मॅनेजर होत नाही. दोन-तीन महिन्यांचं रोस्टर आणि तुमच्या कामाचं लेखी वर्णन युनियनकडे देऊन ठेवा, पडताळणीत नावावर हरकत आली तर तेच कागद लागतील.