गोड्या पाण्यातल्या माशासारखा समुद्रातला मासाही पाणी पितो का? पीत असेल, तर एवढं मीठ जातं कुठे?

हो, पितो, आणि भरपूर पितो. गोड्या पाण्यातला मासाही पितच असेल, असं तुम्ही प्रश्नात गृहीत धरलंय. तो मात्र जवळजवळ पीतच नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. हा भाग सुरू करताना व्याख्या नंतर, आधी दोन काचनळ्या. पहिलीत ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षार नसलेलं, पाणी घेऊन त्यात रक्ताचा एक थेंब टाकायचा. क्षणभर ते गढूळ लाल दिसतं आणि बघता बघता इतकं नितळ होतं, की नळीमागचं छापील अक्षर वाचता येतं. तांबड्या पेशी पाणी ओढून टम्म फुगल्या आणि फुटल्या. दुसऱ्या नळीत चांगलं खारट पाणी असतं. तिथे द्रावण गढूळच राहतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मनुक्यासारख्या सुरकुतलेल्या दिसतात. पातळ पडद्यातून पाणी मीठ जास्त असेल तिकडे जातं. यालाच परासरण म्हणतात. मासे जन्मभर या दोनपैकी एका नळीत राहत असतात.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक हाडांच्या माशांचं रक्त याच्या साधारण एक तृतीयांश इतकंच खारट असतं. श्वासासाठी कल्ल्यांची त्वचा अगदी पातळ ठेवावी लागते, आणि तिथूनच अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपतं. म्हणजे समुद्रातल्या माशाचा कायमचा कोरडा दुष्काळ. नदीतल्या माशाचा ओला: पाणी न पिताही आत घुसत राहतं, मूत्रपिंडं रात्रंदिवस पातळ लघवी बाहेर टाकत बसतात, आणि तिच्याबरोबर गेलेलं मीठ कल्ले त्या जवळपास अळणी पाण्यातून कणाकणाने परत गोळा करतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात यायचं, तर आधी मीठ आत घ्यावं लागतं. पाणी त्याच्या मागून येतं. म्हणजे तहान भागते, पण मीठ अंगात साचतं. आपण असतो तर लघवी दाट करून ते काढलं असतं. माशाच्या मूत्रपिंडाला रक्तापेक्षा खारट लघवी करताच येत नाही. मग? १९३० साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी माशांना फिनॉल रेड हा रंग घातलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवलं. रंग आतड्यात सापडला, म्हणजे मासे पाणी पितात हे पक्कं झालं. पुढच्याच वर्षी अँसेल कीज यांनी ईल माशाचे कल्ले मिठातलं क्लोराइड बाहेर टाकतात हे दाखवलं. त्या कल्ल्यांमध्ये खास पेशी असतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांनी खच्चून भरलेल्या, कारण कमी खारट रक्तातून जास्त खारट समुद्रात मीठ ढकलायला ऊर्जा लागते. मॅग्नेशियम आणि सल्फेट तेवढं थोड्याशा लघवीतून जातं. ज्या कल्ल्यांतून पाणी गळतं, त्याच कल्ल्यांनी मीठही बाहेर काढायचं! इतकी वर्षं शिकवूनही मला याचं आश्चर्य वाटतं.

शार्कने वेगळीच वाट धरली आहे. आपण जो यूरिया टाकून देतो, तो ती रक्तात साठवते आणि अंगातलं द्रावण समुद्राइतकं, किंचित जास्तच, दाट ठेवते. त्यामुळे पाणी गळतच नाही. इतका यूरिया प्रथिनांना बाधतो, म्हणून त्यावर उतारा ठरणारं दुसरं एक संयुगही ती बाळगते. जादा मीठ गुदाशयाजवळच्या ग्रंथीतून जातं. समुद्रपक्ष्यांत हे काम डोळ्यांच्या वरच्या ग्रंथी करतात. क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी ते उलगडलं. खारं पाणी प्यायलेल्या गल पक्ष्याच्या चोचीच्या टोकाशी थेंब जमतो आणि तो मान झटकून उडवतो. त्या थेंबात समुद्रापेक्षाही जास्त मीठ असतं.

नदीत जन्मून समुद्रात जाणारा सॅमन तर अख्खी यंत्रणाच उलटी फिरवतो. कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली त्याच्या कल्ल्यांतल्या मीठ ओढणाऱ्या पेशींची जागा मीठ फेकणाऱ्या पेशी घेतात. ही तयारी बरीचशी नदीतच होते.

शेवटचं, तुमच्या मित्राने गोड्या पाण्याच्या टाकीत थोडं मीठ टाकायला सांगितलंय त्याबद्दल. मासा जखमी किंवा प्रवासाने थकलेला असेल, तर सल्ला बरोबर आहे. खवले निघालेल्या जागेतून पाणी आणखी जोरात आत शिरतं. बाहेर थोडं मीठ असलं की तो ओघ कमी होतो आणि मूत्रपिंडांना उसंत मिळते. लिटरला १ ते ३ ग्रॅम पुरे, तेही आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून, हळूहळू. टाकीत वनस्पती किंवा बिनखवल्यांचे मासे असतील, तर आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून तिथेच मीठ घाला.