गणिते सुटतात, मग साधे प्रश्न का चुकतात?

सांगलीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर एक काळजी हमखास ऐकू येते. मुलाला फिजिक्सची सूत्रे पाठ आहेत, गणितेही सुटतात, पण ‘असे का होते’ या धर्तीचा प्रश्न आला की उत्तर चुकते. तेव्हा त्याला विज्ञान झेपणार नाही असे समजायचे का? हीच काळजी घेऊन आलेल्या एका मुलीची हकिगत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. मुलगी दहावीला उत्तम गुण मिळवलेली, पण आता कॉमर्सला जायचे म्हणून हटून बसलेली. “मॅडम, हिला नीट पाठ करायला सांगा, डोकं आहे हो तिला,” असे आई पुन:पुन्हा सांगत होत्या.

समुपदेशनात येण्यापूर्वी मी काही वर्षे भौतिकशास्त्र शिकवले असल्याने तिची उत्तरपत्रिका मागून घेतली. गतीच्या समीकरणांवरची तिन्ही गणिते बिनचूक होती. चुकला होता तो एका ओळीचा प्रश्न: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? तिने ‘शून्य’ लिहिले होते.

आईंनी माझ्यासाठी थोडी हळकुंडे आणली होती. त्यांतले एक मी तिला वर फेकून झेलायला सांगितले आणि ते वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले आहेत, प्रत्येक बल कोण लावते, हे सूत्राशिवाय कागदावर लिहायला लावले. तिने दोन बले लिहिली: पृथ्वीचे खाली आणि हाताचे वर.

“हात आता कुठे आहे?” मी विचारले.

तिने आपल्या तळहाताकडे पाहिले. हळदीची पिवळी भुकटी रेषांमध्ये बसली होती. बराच वेळ ती बोलली नाही आणि मीही घाई केली नाही, कारण ही शांतता मोडून उत्तर सांगून टाकणे ही शिकवणाऱ्याची सर्वांत महाग चूक असते. मग ती म्हणाली, “पण मॅडम, हाताचं बल नसेल तर ते वर जातंच का?”

खरी अडचण ही होती, आणि ती तिने स्वतःच्या तोंडाने मांडली. हातगाडी ढकलणे थांबवले की गाडी थांबते. घर्षण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे गती टिकवायला बल लागते अशी समजूत लहानपणापासून पक्की होते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ बुरिदान यांच्यासारख्या विद्वानानेही फेकणारा हात वस्तूत जोर भरतो आणि त्या जोरावर ती पुढे जाते असेच मानले होते. बल लागते ते गती टिकवायला नव्हे, बदलायला, हे सांगणारे न्यूटनचे नियम थेट १६८७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे तिची चूक मतिमंदपणाची नव्हती, हे मी तिला आणि विशेषतः आईंना स्पष्ट सांगितले.

नंतर आकडे घेतले. हवेचा विरोध सोडून दिला आणि हळकुंड सेकंदाला ४.९ मीटर वेगाने वर निघाले असे धरले, तर अर्ध्या सेकंदाने ते साधारण सव्वा मीटर उंचीवर क्षणभर थांबते आणि आणखी अर्ध्या सेकंदाने त्याच वेगाने हातात परत येते. या सगळ्या वेळात वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद या दराने सतत बदलत असतो.

“वर पोचल्यावर हा बदल थांबला असता तर?”

“तर ते तिथंच लटकून राहिलं असतं!” असे म्हणून तिने ‘शून्य’ खोडले आणि ‘९.८, खाली’ लिहिले.

जास्त पाठांतर करायला लावणे या ठिकाणी निरुपयोगी ठरते, कारण सूत्र वर चढते आणि जुनी समजूत तळाशी तशीच राहते. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस हेच आढळले होते: अवघड गणिते सोडवणारे विद्यार्थी साध्या शब्दांतल्या प्रश्नांवर अडखळत होते. त्यांनी मग वर्गातच विद्यार्थ्यांना आधी स्वतः उत्तर ठरवायला आणि नंतर शेजाऱ्याशी वाद घालायला लावले.

आम्हीही तेच केले. वहीच्या डाव्या बाजूला ‘मला काय वाटते आणि का’, उजव्या बाजूला बलांची आकृती, आणि मगच पुस्तक. गल्लीतली एक मैत्रीण वादाला मिळाली. उसाची ट्रॉली दुचाकीला धडकली तर दोघांवरचे बल सारखेच, हे पटायला त्या दोघींना चार दिवस लागले. वस्तुमान कमी असल्याने दुचाकीचे त्वरण जास्त आणि नुकसानही जास्त, हा फरक ध्यानात आल्यावरच भांडण मिटले.

पुढच्या चाचणीत गुण थोडेच वाढले. कॉमर्सचा विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही, आणि शेवटच्या भेटीत वहीत तिने स्वतः तयार केलेला एक प्रश्न होता: चेंडू जमिनीवर आपटून क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचे त्वरण कोणत्या दिशेला? डाव्या बाजूला तिने लिहिले होते, “वर, कारण त्या क्षणी जमीन पृथ्वीच्या ओढीपेक्षा जास्त जोराने ढकलत असते.”