आधी दाखल नोंदवही उघड

चि. ग्रंथपालबाईंस,
अनेक आशीर्वाद.

उदगीरच्या वाचनालयात रुजू झाल्या झाल्या संचालक मंडळाने तुझ्यापुढे दोन कामं ठेवली: शताब्दीच्या स्मरणिकेसाठी वाचनालयाचा इतिहास लिहायचा आणि सगळी पुस्तकं संगणकावर चढवायची. आधी कोणतं करू, असं तू विचारतेस. दोन्हींच्या आधी एक तिसरं काम आहे. ते झालं तर या दोन्हींचं निम्मं ओझं उतरेल. कपाटातल्या सगळ्या दाखल नोंदवह्या बाहेर काढ, पहिलीपासून ओळीने लाव, मधली एखादी गहाळ आहे का ते बघ.

दाखल नोंदवही म्हणजे वाचनालयाचा सातबारा, आलेली प्रत्येक प्रत तिच्यात क्रमाने चढते. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, कुणाकडून आलं, बिल क्रमांक, शेरा. एका प्रतीला एकच क्रमांक. त्याच पुस्तकाच्या चार प्रती आल्या तरी क्रमांक चार. पुस्तक हरवलं, फाटलं, बाद झालं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. शेऱ्यात लाल शाईने कारण आणि ठरावाची तारीख लिहायची. नोंद चुकली तर एकच आडवी रेघ आणि शेजारी सही. पांढरी शाई लावलेली नोंदवही लेखापरीक्षकापुढे गेली की त्याला संशय यायला तेवढं पुरतं, आणि त्यात त्याचं काही चूक नसतं.

आता जुन्या वह्यांकडे. सुरुवातीच्या वहीत काही नोंदी उर्दूत असतील आणि साल फसली असेल. त्याने गांगरू नकोस. हैदराबाद संस्थानचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. फसली सालात 590 मिळव, की ते वर्ष सुरू झालं तो इसवी सन मिळतो. 1340 फसली म्हणजे ऑक्टोबर 1930 ते ऑक्टोबर 1931. म्हणून जानेवारी ते सप्टेंबरमधल्या तारखेला 591 मिळवायचे. हा एक वर्षाचा फरक विसरल्यामुळे स्थापनेचं वर्ष चुकीचं छापलं जातं आणि पुढे फलकावरही तेच चढतं. वर्गणीचे आकडे हाली शिक्क्यातले, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या नाण्यातले, असू शकतात. 7 हाली रुपये म्हणजे साधारण 6 कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. रकमा जशा आहेत तशाच दे, पुढे 'हाली' लिही, आणि एकदाच तळटीप टाक.

स्थापनेचं वर्ष ठरवताना नोंदणी प्रमाणपत्रावर विसंबू नकोस. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950चा कायदा मुंबई राज्याचा. मराठवाडा त्या राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956ला. त्यामुळे त्या कायद्याखालची तुमची नोंदणी त्याआधीची असूच शकत नाही, मग वाचनालय कितीही जुनं असो. पहिल्या सभेचं इतिवृत्त, पहिला दाखल क्रमांक, पहिली वर्गणी पावती आणि नोंदणी या चार तारखा वेगवेगळ्या निघतील. स्मरणिकेत चारही दे. सगळ्यांतून एकच सोयीचं वर्ष काढायचा आग्रह मंडळाकडून होईल. तिथे मात्र ठाम राहा.

कागद शोधायला कुठे जायचं हा खरा गोंधळ. उदगीर तालुका 1956पर्यंत बिदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत आणि 15 ऑगस्ट 1982ला लातूर जिल्हा झाल्यापासून लातुरात. म्हणजे जुना पत्रव्यवहार तीन जिल्ह्यांच्या दप्तरांत विखुरलेला असणार, आणि ते तीन जिल्हे आज दोन राज्यांत आहेत. लातूरला जाऊन 'इथे काही नाही' असं ऐकलंस की ते शब्दशः खरं मान आणि धाराशिवला चौकशी कर. निजामी काळातलं दप्तर हवं असेल तर हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात. तिथे फारसी-उर्दू वाचणारं माणूस सोबत ने, नाहीतर दिवस फुकट जातो. उदगीरला असं माणूस मिळायला अडचण नाही.

त्या काळातली इतिवृत्तं वाचताना एक लक्षात ठेव. निजाम सरकारच्या गश्ती निशान 53 या परिपत्रकाखाली साध्या सभेलाही परवानगी लागायची. त्यामुळे वाचनालयाच्या खोलीला पुस्तकांपलीकडचं वजन होतं, आणि त्याच कारणाने इतिवृत्तात फारसं काही लिहिलेलं सापडत नाही. खरी माहिती वृत्तपत्रांच्या नोंदवहीत असते. आ. कृ. वाघमाऱ्यांनी 1938मध्ये पुण्याहून 'मराठवाडा' काढलं. निजाम सरकार बंदी घालायचं आणि ते नव्या नावाने निघायचं. तुमच्या वहीत एक नाव अचानक थांबून दुसरं सुरू झालेलं दिसलं, तर कारकुनाची चूक समजून सोडून देऊ नकोस.

इतिहास इतका पुरे. पुढचं काम घामाचं आहे: ग्रंथ पडताळणी. ती झाल्याशिवाय संगणकाला हात लावू नकोस. आठवडाभर देवघेव बंद ठेव, सूचना पंधरा दिवस आधी लाव. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नुसते दाखल क्रमांक छापलेले कागद तयार कर. एकाने कपाटातून क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने खूण करायची: कपाटात, सभासदाकडे, बांधणीला. खूण नसलेले उरतील ते 'न सापडलेले'. 'हरवलेले' हा शब्द अजून वापरू नकोस. दुसऱ्या पडताळणीतही सापडले नाहीत तरच यादी मंडळापुढे ठेव आणि ठरावाने निर्लेखन कर, म्हणजे ती नोंदीतून बाद कर. पहिल्याच फेरीत बाद केलेली पुस्तकं नंतर हमखास दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात सापडतात. क्रमांक मुखपृष्ठावरून वाचू नका, चिठ्ठी निघालेली किंवा बदललेली असू शकते. शीर्षकपान आणि गुप्त पान (आतलं ठरावीक पान, ज्यावर ओळखीचा शिक्का असतो) दोन्ही बघा. कोणत्या पानावर गुप्त शिक्का मारायचा हे बहुतेक वाचनालयांत ठरलेलं असतं, पण लिहिलेलं कुठेच नसतं. ते आधी जुन्या शिपायाला विचार.

मग संगणक. ग्रंथालयाच्या संगणक प्रणालींपैकी कोहा फुकट आहे, ई-ग्रंथालय सरकारी आहे. दोन्ही चालतात. तुमच्याकडे दुरुस्तीला कोण येऊ शकतो यावर निवड कर. नोंद नोंदवहीवरून उतरवायची नाही, पुस्तक हातात घेऊन करायची. आणि टंकलेखन युनिकोडमध्येच हवं. आधीच्या कुणी जुन्या फॉण्टमध्ये यादी करून ठेवली असेल तर ती स्क्रीनवर देखणी दिसेल, पण शोधायला निरुपयोगी. लेखकाचं नाव कसं लिहायचं ते पहिल्याच दिवशी ठरव: आडनाव आधी, आद्याक्षरं नंतर, टोपणनावाला उलटनोंद, म्हणजे खऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद. नाहीतर एकच लेखक तीन ठिकाणी दिसतो आणि वाचकाला वाटतं पुस्तक नाही. वर्गीकरण ड्यूईच्या दशांश पद्धतीनेच ठेव. मराठी साहित्य 891.46, पुढचा 1 कवितेला, 2 नाटकाला, 3 कथा-कादंबरीला. दशांशाची रांग वाचकासाठी फार लांबवू नकोस. कादंबऱ्यांच्या कपाटावर लेखकाच्या नावाचा क्रम त्याहून जास्त उपयोगी पडतो.

सेवांबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका तुमच्याकडे गर्दी आणेल, पण हळूहळू वाचनकक्षाच्या खुर्च्याही ओढून नेईल. तिची खोली, वेळ आणि शुल्क वेगळं ठेव. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची जागा तिला देऊ नकोस. बाल विभागाची कपाटं चार फुटांच्या वर नकोत आणि कुलूप तर नकोच. कुलूपबंद बाल विभागातली पुस्तकं कोरी राहतात, एवढाच त्याचा फायदा. उदगीर सीमेवरचं शहर. उर्दू आणि कन्नड वाचणारी घरं आहेत, तेव्हा दोन्हींचं निदान एकेक कपाट हवं आणि पुस्तक निवडायला ती भाषा वाचणारा सभासद हवा. 2022च्या साहित्य संमेलनाची स्मरणिका, पत्रिका, बातम्यांची कात्रणं आत्ताच गोळा कर. असले कागद रद्दीत सगळ्यात आधी जातात.

पैशाचं थोडक्यात. शासनाचं परिरक्षण अनुदान 1967च्या ग्रंथालय अधिनियमाखाली, अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे, दोन हप्त्यांत येतं. आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही, त्यामुळे या अनुदानाची वाट बघण्यावाचून इलाज नाही. मार्चमध्ये पैसे संपवायच्या घाईत पुरवठादार जे गठ्ठे टाकतात त्यातलं निम्मं कुणी वाचत नाही. म्हणून मागणी वही वर्षभर काउंटरवर ठेव आणि यादी जानेवारीतच मंजूर करून घे. सभासदांची अनामत उत्पन्नात धरू नकोस. ती देणं आहे, वेगळ्या खात्यात राहू दे. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून पुस्तकं आली तर शेऱ्यात तशी नोंद कर, तपासणीला ती वेगळी दाखवावी लागतात. आणि संचालक मंडळ बदललं की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जातो का, यावर तूच लक्ष ठेव. तो राहून गेला की पुढे प्रत्येक कागद त्याच कारणाने अडतो.

जुनी पुस्तकं हाताळताना चिकटपट्टी वापरायची नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालून पातळ कागदाची पट्टी लाव, आणि खळीचं भांडं झाकून, नाव लिहून ठेव, मोरचूद विषारी असतं. बांधणीवाल्याला जुजबांधणीच, म्हणजे पानांच्या घड्या घडीतून शिवून, कर म्हणून सांग. आडवी टोचून शिवली तर आतला समास खाल्ला जातो आणि पुस्तक उघडतानाच मोडतं. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, वाळवी भिंतीतूनच येते. कसर बघायला पावसाळ्यानंतर प्रत्येक कप्प्यातलं एक पुस्तक उघडून झटक.

तूर्त पहिली नोंदवही उघड आणि 1 ते 100 क्रमांकांची यादी कर: पुस्तक, तारीख, देणाऱ्याचं नाव, आज कपाटात आहे की नाही. उर्दू नोंदींचे फोटो वेगळे काढ. यादी झाली की पाठव, मग पुढचं ठरवू.

कळावे.