सगळा संग्रह कन्व्हर्ट करण्याआधी टीव्हीला नेमकं काय पचत नाही ते बघा

तुमची मांडणी अशी आहे: रास्पबेरी पाय 4 (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) वर जेलीफिन (घरातले चित्रपट टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर), त्याला यूएसबीने लावलेली हार्ड डिस्क आणि हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही. काही चित्रपट व्यवस्थित चालतात, काही दर दहा-पंधरा सेकंदांनी अडकतात, आणि नाटकांच्या जुन्या व्हीसीडी-डीव्हीडींवरून उतरवलेल्या फाइल्स धड सुरूच होत नाहीत. म्हणून सगळंच्या सगळं हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून काढून एच.264 (जवळपास सगळीकडे चालणारा व्हिडिओ प्रकार) एमपी4 करून ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय.

सगळं नको. यातल्या बऱ्याच फाइल्सच्या चित्राला हात लावायची गरजच पडणार नाही. चित्र पुन्हा एन्कोड (नव्याने कम्प्रेस) केलं की दर्जा थोडा का होईना उतरतोच, आणि गेलेला दर्जा परत येत नाही. त्यामुळे आधी निदान करा.

एमकेव्ही, एमपी4, एव्हीआय ही नुसती डब्यांची नावं. आत चित्र, आवाज आणि सबटायटल असे वेगवेगळे ट्रॅक असतात. टीव्हीला डबा आणि आतलं सगळं चालत असेल तर जेलीफिन फाइल जशीच्या तशी पाठवतं, याला डायरेक्ट प्ले म्हणतात. त्यात पायला काहीच कष्ट नाहीत. फक्त डबा बदलायचा असेल तर रीमक्स, तेही हलकं काम. चित्र उलगडून पुन्हा एन्कोड करायची वेळ आली की ट्रान्सकोडिंग, आणि पाय 4 तिथेच गुडघे टेकतो. पाय 5 घेऊनही हे सुटणार नाही, कारण त्यात हार्डवेअर एन्कोडर (एन्कोडिंगसाठीचा खास भाग) मुळातच नाही. यंत्रच बदलायचं असेल तर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, क्विक सिंक (इंटेलच्या चिपमधली व्हिडिओ एन्कोड-डिकोडची सोय) असलेला वापरलेला छोटा पीसी बघा. तो 10 बिटचं (जास्त रंगछटांचं) एचईव्हीसी, म्हणजे एच.265, हार्डवेअरवर उलगडतो आणि मग यातलं बरंचसं काम करावंच लागत नाही.

निदान असं करा. अडकणारा चित्रपट टीव्हीवर लावा आणि मोबाइलवरून किंवा लॅपटॉपवरून जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. चालू असलेल्या फाइलच्या चौकटीत माहितीचं चिन्ह असतं, तिथे ट्रान्सकोडिंग होतंय का आणि कशामुळे, हे कारणासकट दिसतं. डायरेक्ट प्ले दिसतंय आणि तरी अडकतंय, तर दोष बहुधा नेटवर्कचा. कन्व्हर्ट करण्याची गरज तिथेच संपते.

कारण बिटरेटच्या (दर सेकंदाला लागणाऱ्या डेटाच्या) मर्यादेचं असेल तर टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये गुणवत्ता ‘ऑटो’वर किंवा 8 एमबीपीएससारख्या आकड्यावर अडकलेली असणार. ती सर्वात वरच्या पर्यायावर न्या. 12 एमबीपीएसची फाइल, मर्यादा 8 ची, एवढ्या एका कारणासाठी पाय बिचारा अख्खा चित्रपट पुन्हा एन्कोड करत बसतो. फाइलचा सरासरी बिटरेट काढायला मेगाबाइटला 8 ने गुणा आणि सेकंदांनी भागा: अडीच तासांचा 4.5 जीबीचा चित्रपट म्हणजे 4500 गुणिले 8 भागिले 9000, बरोबर 4 एमबीपीएस. एवढ्याला साधं वायफायही पुरतं. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचंच असतं, पण त्याची अडचण फक्त 4के ब्लू-रेच्या पुन्हा कम्प्रेस न केलेल्या, म्हणजे मूळ आकाराच्या प्रतींना होते.

सबटायटलचं कारण दिसलं तर खरा चोर तोच. ब्लू-रेचे पीजीएस आणि डीव्हीडीचे व्हॉबसब हे अक्षरांचे नसून चित्रांचे सबटायटल असतात. टीव्हीला ते दाखवता आले नाहीत की जेलीफिन ते चित्रावर कोरून पाठवतं, आणि त्यासाठी प्रत्येक फ्रेम नव्याने एन्कोड करावी लागते. आधी सबटायटल बंद करून बघा. अडकणं थांबलं तर कारण पक्कं. मग ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये टेसरॅक्टने ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) करून एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची सबटायटल फाइल, काढा. टेसरॅक्टला मराठीचा भाषासंच आहे, पण जोडाक्षरं आणि रफार तो चुकवतो, तेव्हा निकाल डोळ्यांखालून घालाच. एसआरटी यूटीएफ-8 (देवनागरी अक्षरं साठवणारं एन्कोडिंग) मध्येच सेव्ह करा. अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं आली तर एन्कोडिंग चुकलंय, नुसते रिकामे चौकोन आले तर अ‍ॅपकडे देवनागरी फाँट नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी नीट बघून घ्या. एसआरटीचं नाव चित्रपटाच्या फाइलसारखंच ठेवून शेवटी ठिपका देऊन मराठीचा दोन अक्षरी कोड लावला की जेलीफिन भाषा आपोआप ओळखतं.

आवाजाचं कारण असेल तर बहुधा डीटीएस किंवा ट्रूएचडी हे आवाजाचे प्रकार. सॅमसंगने 2018 पासून टीव्हींमधून डीटीएस काढलं, इतर कंपन्यांच्याही काही मॉडेल्समध्ये ते नाही. नुसता आवाज बदलणं पायला झेपतं, पण चित्रपट पुढे-मागे नेताना रखडतो. म्हणून हे काम आधीच करून ठेवणं फायद्याचं. इथे हँडब्रेक वापरू नका, कारण तो चित्र न बदलता पुढे पाठवूच शकत नाही. एफएफएमपेग (कमांड लिहून चालवायचं कन्व्हर्टर) घ्या: चित्र कॉपी, सबटायटल कॉपी, आवाज एसी3 (डॉल्बी डिजिटल) मध्ये 640 केबीपीएसला. सगळे ट्रॅक घेण्यासाठी मॅपचा पर्याय शून्यावर द्यायला विसरू नका. तो दिला नाही तर एफएफएमपेग प्रत्येक प्रकारचा एकेकच ट्रॅक उचलतो आणि दुसऱ्या भाषेचा आवाज गुपचूप गळतो. साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडला असेल तर एसी3च हवं, त्या केबलवरून 5.1 चा आवाज उलगडलेल्या स्वरूपात जात नाही. नुसत्या टीव्हीच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर एएसी स्टिरिओ 192 केबीपीएस पुरे. अख्खा चित्रपट लॅपटॉपवर काही मिनिटांत होतो.

आता ज्यांचं चित्र खरोखर बदलावं लागतं अशा फाइल्स. एक्सव्हिड-डिव्हएक्सच्या जुन्या एव्हीआय, व्हीसीडीचं एमपेग-1, डीव्हीडीचं एमपेग-2, 10 बिटचं एच.264 (टीव्हीतल्या चिप ते जवळपास कुठेच उलगडत नाहीत), आणि टीव्ही जुना असेल तर एचईव्हीसी व एव्ही1. 4के एचडीआरच्या फाइल्सना मात्र हात लावू नका. टोन मॅपिंग (एचडीआरचे रंग साध्या पडद्याला जुळवणं) न करता 8 बिटमध्ये आणल्या की रंग फिके, धुरकट दिसतात.

हँडब्रेकमध्ये एन्कोडर एक्स264, प्रोफाइल हाय, लेव्हल 4.0, वेगाचा प्रीसेट ‘स्लो’. गुणवत्ता सरासरी बिटरेटने ठरवू नका, आरएफने (हँडब्रेकमधल्या स्थिर गुणवत्तेच्या आकड्याने) ठरवा: 1080पी ला 20 ते 22, डीव्हीडीला 18 ते 20. आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी आणि चित्र चांगलं. ग्राफिक्स कार्डाचे हार्डवेअर एन्कोडर झटपट काम उरकतात, पण तेवढ्याच दर्जासाठी फाइल मोठी होते. एकदाच करायचं काम आहे, तेव्हा सीपीयूला करू द्या.

नाटकांच्या डीव्हीडींना जास्त जपावं लागतं. पाल पद्धतीचं चित्र 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रित केलेलं नाटक असेल तर बहुधा इंटरलेस्ड. म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी गुंफलेल्या. ते तसंच एन्कोड केलं तर नट हात हलवतो तिथे कंगव्यासारख्या रेघा कायमच्या छापल्या जातात. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस निवडून ‘बॉब’ ठेवा, दोन्ही क्षणांच्या स्वतंत्र फ्रेम होऊन सेकंदाला 50 मिळतात आणि हालचाल मूळ चित्रणासारखी ओघवती राहते. मात्र फ्रेमरेट ‘मूळ फाइलप्रमाणे’ ठेवा, 30 ची कमाल मर्यादा असलेला प्रीसेट जास्तीच्या फ्रेम गाळून टाकतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

दुसरी अडचण क्रॉपची. हँडब्रेक काही मोजक्या फ्रेम बघून काळ्या पट्ट्या ओळखतो. नाटकात रंगमंचाच्या कडा अंधारात असतात, तेव्हा तो अंधारालाच पट्टी समजू शकतो आणि विंगेजवळ उभं असलेलं पात्र अर्धं कापलं जातं. क्रॉप हाताने शून्य करा, किंवा उजेडातला प्रवेश बघून आकडे स्वतः भरा. अ‍ॅनामॉर्फिक (चित्राची रुंदी-उंची मूळ प्रमाणात ठेवणारा पर्याय) ‘ऑटो’वरच राहू द्या, नाहीतर माणसं उभट, बारीक दिसू शकतात.

व्हीसीडीचं चित्र जेमतेम 352 बाय 288 चं. ते 1080पी ला ताणू नका, ते काम टीव्ही करतोच आणि फाइल उगाच फुगते. आरएफ 18 द्या, डीइंटरलेस बंद ठेवा, कारण एमपेग-1 मध्ये इंटरलेसिंग नसतंच. व्हीसीडीवरची डॅट फाइल हँडब्रेकने उघडली नाही तर आधी एफएफएमपेगने चित्र-आवाज कॉपी करून एमपीजीच्या डब्यात घ्या. डिस्क ओरखडलेली असेल तर कॉपी मध्येच थांबते. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न वाचता आलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो.

वेळेचा अंदाज सोपा आहे. अडीच तास गुणिले सेकंदाला 25 म्हणजे 2,25,000 फ्रेम. लॅपटॉप सेकंदाला 50 फ्रेम काढत असेल तर 75 मिनिटं. बॉब केलं की फ्रेम दुप्पट, तेव्हा वेळही साधारण दुप्पट. रात्रभराची रांग लावणार असाल तर डबा एमकेव्हीच ठेवा. एमपी4 ची अनुक्रमणिका काम पूर्ण झाल्यावर लिहिली जाते. पहाटे वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी संपली तर तोवरची अख्खी एमपी4 उघडतच नाही. एमकेव्ही मात्र जिथवर लिहिली गेली तिथवर चालते. भारनियमनाच्या गावात हा फरक मोठा आहे.

रांग लावण्याआधी प्रत्येक प्रकारच्या एका फाइलचा तीन मिनिटांचाच तुकडा काढा, हँडब्रेकमध्ये सेकंदांनुसार भाग निवडता येतो. भरपूर हालचाल असलेला प्रवेश घ्या, टीव्हीवर लावा, डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले येतंय का बघा. पुरी फाइल झाल्यावर तिची लांबी मुळाशी ताडा आणि शेवटची पाच मिनिटं लावून ओठ आणि आवाज जुळतात का तपासा. आवाज सरकला असेल तर तो शेवटीच सर्वांत जास्त जाणवतो. मोबाइलवर काढलेल्या बदलत्या फ्रेमरेटच्या चित्रणात हे फार होतं, तिथे फ्रेमरेट ‘कायम’ निवडा. घरच्या लग्नाचं, मुंजीचं, आजी-आजोबांचं चित्रण असेल तर मूळ फाइल कधीही पुसू नका. कन्व्हर्ट केलेली प्रत बघायला, मूळ दुसऱ्या डिस्कवर.

टीव्हीचं मॉडेल आणि अडकणाऱ्या दोन फाइल्सची मीडियाइन्फोमधली (फाइलचे ट्रॅक दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधली) पूर्ण माहिती (मजकूर स्वरूपातली) इथे टाका. डॅशबोर्डवर दिसलेलं कारणही लिहा, म्हणजे प्रत्येक फाइलला नेमकं काय करायचं ते सांगता येईल.