वाचकांचे प्रश्न : व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

प्रश्न : माझी आई (वय ६७) १४ मार्चला धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला गेली. बहीण अमेरिकेची नागरिक आहे. पासपोर्टवरचा व्हिसा २०३१ पर्यंतचा, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आता डिसेंबरात कळलं की तिला राहायची मुभा १३ सप्टेंबरपर्यंतच होती. बहीण म्हणते, इथेच ग्रीन कार्ड करून टाकू. इकडे बेसा इथल्या प्लॉटचा सौदा ठरलाय आणि विक्रीपत्रावर आईची सही हवी आहे. तिला लगेच बोलावून घ्यावं का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तिकीट काढण्याआधी दिवस मोजा. व्हिसावरची तारीख ही प्रवेश मागण्याची मुदत असते. राहायचं किती, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ मध्ये होते. ती हल्ली हातात मिळत नाही, सीबीपी या अमेरिकी सीमा तपासणी खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून काढावी लागते. म्हणूनच ती नजरेतून सुटते.

आईचा जादा मुक्काम १४ सप्टेंबरपासून सुरू झाला. एका दिवसाच्या जादा मुक्कामानेही व्हिसा आपोआप रद्द होतो, पासपोर्टवर तो कितीही धडधाकट दिसो. तेवढ्यावर भागलं तर ठीक. पण हा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेल्यावर माणूस अमेरिकेतून बाहेर पडला की तीन वर्षं प्रवेशबंदी, आणि वर्ष भरल्यावर पडला तर दहा वर्षं. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला तर आईचा १८०वा दिवस १२ मार्चला येतो. गंमत अशी की बंदी लागू होते ती निघाल्यावर. दोनशे दिवस झाल्यावर ‘आता तरी निमूट परत जाऊ’ म्हणून लोक विमानात बसतात आणि ती ओढवून घेतात. सूट मागता येते, पण नवरा किंवा बायको, नाहीतर स्वतःचे आईवडील तिथले नागरिक वा ग्रीन कार्डधारक असतील तरच. मुलगी नागरिक असली तरी ही सूट मागताना ती धरली जात नाही.

आई फेब्रुवारीअखेरपर्यंत परतली तर बंदी नाही. ग्रीन कार्ड हवंच असेल तर बहिणीने तिकडून आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) भरायचा, मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. मधल्या काळात पुन्हा पर्यटक व्हिसा मागितलात तर जादा मुक्काम अर्जात लिहायचाच. नकार येण्याची शक्यता बरीच, पण दडवलं तर ती खोटी माहिती ठरते आणि ते जन्माचं नडतं.

तिथेच राहून ग्रीन कार्ड करायचं असेल तर आय-१३० आणि आय-४८५ (आईचा स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र भरता येतात. २१ वर्षांवरील नागरिकाची आई ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ (अगदी जवळची नातेवाईक) मानली जाते आणि ती रीतसर तपासणी होऊन आत आली असेल तर जादा मुक्काम या अर्जाच्या आड येत नाही. आय-४८५ प्रलंबित असेपर्यंत दिवसांची मोजणीही थांबते. मात्र अॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हाती येण्याआधी आई देशाबाहेर पडली तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज फेटाळला गेला तर हकालपट्टीची नोटीस येऊ शकते, तेव्हा हे काम वकिलाशिवाय करू नये.

कागदांत अडतं ते नावापाशी. लग्नात नाव बदललेल्या पिढीत हे हमखास होतं : शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बहिणीच्या जन्मदाखल्यावर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. विवाह प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. आईच्या जन्माची नोंद नसेल तर महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्या, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. मराठी कागदाचा पूर्ण इंग्रजी अनुवाद लागतो, त्याखाली अनुवादकाने सहीनिशी ग्वाही द्यायची. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ हल्ली आय-४८५ सोबतच जोडावा लागतो. त्यात क्षयरोगासाठी रक्ताची तपासणी असते, ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे. बहिणीला आय-८६४ वर आर्थिक हमी द्यावी लागेल : उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के. कमी पडलं तर सहहमीदार चालतो.

प्लॉटसाठी आईला आणायची गरज नाही. न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून मुखत्यारपत्र करून पाठवा आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. विक्रीआधी अमेरिकेतल्या करसल्लागाराला विचारा. आई यंदा १८३ दिवसांहून जास्त तिथे राहिल्याने ग्रीन कार्ड नसतानाही कराच्या हिशेबात तिथली रहिवासी ठरू शकते, आणि मग प्लॉटचा नफा तिथेही दाखवावा लागेल.

आता आईला विचारा, बहिणीला नव्हे. हिवाळा नागपुरात आणि उन्हाळा न्यू जर्सीत असं तिच्या मनात असेल (इथला मे महिना बघता त्यात नवल नाही) तर ग्रीन कार्ड हा चुकीचा कागद आहे. ते कायम तिथे राहणाऱ्यासाठी असतं. सहा महिन्यांवर बाहेर राहिलं की प्रश्न विचारतात, वर्षावर गेलं आणि रीएन्ट्री परमिट (परत येण्याचा परवाना) नसलं तर कार्ड धोक्यात येतं. मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मिळवायला साधारण पाच वर्षं सलग वास्तव्य लागतं, तोवर विमा खिशातून. तिचं बस्तान नागपुरातच असेल तर आमच्या मते तिने फेब्रुवारीत परतावं.

प्रश्न : मुलाकडे ग्रीन कार्ड आहे. तो आम्हा दोघांना स्पॉन्सर करू शकतो का?
— एक दांपत्य, मनीषनगर

उत्तर : नाही. तो नागरिक झाल्यावरच, म्हणजे साधारणपणे कार्ड मिळून पाच वर्षांनी. तोवर पर्यटक व्हिसावर जा. मुक्काम वाढवायचा झाला तर आय-५३९ हा अर्ज आय-९४ ची मुदत संपण्याच्या निदान ४५ दिवस आधी भरा.

प्रश्न : भाचा व्हिजिट व्हिसावर दुबईला गेला, मुदत संपून २३ दिवस झाले. एजंट म्हणतो, दंड आणि वर पैसे भरा, नोकरीचा व्हिसा करून देतो.
— एक वाचक, जरीपटका

उत्तर : दंड दिवसाला ५० दिरहॅम, म्हणजे आजवर ११५०, आणि तो रोज वाढतोय. नोकरीचा व्हिसा एजंट देत नाही, कंपनी देते. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला तिथल्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे ‘वर पैसे’ हीच गोम. कंपनीचं लेखी ऑफर लेटर मागा. ते नसेल तर दंड भरून त्याला लगेच परत आणा, कारण भाचा पळून गेल्याची तक्रार व्हिसा काढणारी एजन्सी नोंदवू शकते आणि मग प्रकरण दंडावर भागत नाही. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे, ‘तोवर थोडं काम कर’ या बोलण्याला भुलू नका. पुढच्या वेळी नागपुरातल्या एजंटाचा नोंदणी क्रमांक आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. भाचा दहावी पास नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’) असू शकतं. तसं असलं तर नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे सरकारी परवाना लागतो, आणि तो टाळायलाच असे एजंट व्हिजिट व्हिसा काढून देतात.